हॉर्न मारत होतास, ब्रेक का नाही मारलास?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतला एक मुलगा मोटरसायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवायचं काम करतो. रात्री साडेआठची वेळ, रस्ता ओला, पार्सल उशिरा निघालेलं. चौकाच्या अलीकडे एक बस हळू झाली होती. ही संधी साधून तो बसच्या डाव्या बाजूने, फुटपाथ आणि बस यांच्या मधल्या फटीतून पुढे निघाला. तेवढ्यात बस डावीकडे वळू लागली. त्याने हॉर्नवर अंगठा ठेवला आणि तो दाबूनच धरला. बस थांबली नाही. मागचं चाक आत आलं. गाडी चाकाखाली गेली, पोरगा फुटपाथवर फेकला गेला म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. तीन महिने घरी बसावं लागलं, आणि घरात कमावणारा तोच मोठा.

आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी हॉर्न मारत होतो ना! मग त्यानं थांबायला नको का?" त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "हॉर्न मारत होतास, ब्रेक का नाही मारलास?"

या माउलीच्या प्रश्नावर आम्ही नंतर बरंच बोललो. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीतल्या दहा-बारा गाडीवाल्यांना थांबवून घेतलं. त्यात पार्सलवाले होते, गवंडी होते, वायरमन होते, स्कूटीवरून कामाला जाणाऱ्या दोघी ताई होत्या. प्रत्येकाला विचारलं, हॉर्न कशासाठी वाजवता? उत्तरं मिळाली: रस्ता मिळावा म्हणून, पुढचा हलावा म्हणून, राग आला म्हणून, आणि एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, सवय म्हणून. "समोरच्याला मी दिसत नसेन म्हणून" असं सांगणारी एकच ताई निघाली. खरं तर हॉर्न त्याचसाठी गाडीला बसवलेला असतो.

हा आरोग्याचा विषय आहे का, असं कुणाला वाटेल. आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यातली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आपल्या वस्त्यांमध्ये दुचाकी म्हणजे चैन नाही, ते रोजगाराचं हत्यार आहे. ते चालवणारा हात मोडला की चूल अडते. म्हणून या महिन्याचं पान हॉर्नसाठी.

हॉर्न सांगतो, थांबवत नाही

हॉर्नला एकच गोष्ट सांगता येते: "मी इथे आहे." तो समोरच्याला हुकूम देऊ शकत नाही, रस्त्यावरचा हक्क मिळवून देऊ शकत नाही आणि आपली गाडी तर अजिबात थांबवू शकत नाही. तेवढी सूचना ऐकून काय करायचं हे समोरचा ठरवणार. तोही आधी ऐकू आलं तर.

आणि ऐकू येईलच असं नाही. काचा बंद, एसी चालू, गाणी लागलेली, अशा कारमध्ये बाहेरचा आवाज फार कमी पोचतो. ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाची घरघर असते. पावसात रेनकोट आणि हेल्मेटवर थेंबांचा आवाज होतो, त्यामुळे शेजारच्या दुचाकीवाल्यालाही नीट ऐकू येत नाही. कुणाच्या कानात हेडफोन असतो. कुणी बहिरा असतो, आणि ते त्याच्या पाठीकडे बघून आपल्याला कळत नाही. म्हणून हॉर्न वाजवला म्हणजे समोरच्याला कळलं, असं कधीच धरून चालू नये. त्याची गाडी हळू झाली, बाजूला सरकली किंवा आरशातून त्याची नजर आपल्याला भिडली, तरच कळलं समजावं.

दोन बसचा हिशोब

थोडं गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या सावध माणसालाही एक सेकंद लागतो. मग ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण ९ मीटर. म्हणजे एकूण २० मीटर. शहरातली मोठी बस साधारण १२ मीटर लांब असते. म्हणजे चाळीसच्या वेगालाही थांबायला जवळजवळ दोन बसएवढी जागा लागते. साठच्या वेगाला तीन बसएवढी. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाला असेल, मागे कुणी बसलेलं असेल तर त्याहून जास्त.

आता हॉर्नचा हिशोब बघा. आपण वाजवणार, समोरचा ऐकणार, आवाज कुठून आला हे शोधणार, काय करायचं ते ठरवणार, मग त्याची गाडी थांबणार. यात दीड-दोन सेकंद सहज जातात. तेवढ्यात चाळीसच्या वेगाने आपण १६ ते २२ मीटर पुढे गेलेलो असतो. म्हणजेच दोन बसची जागा संपली.

यातून नियम आपोआप निघतो. धोका लांब असेल तर वेग कमी करा आणि हॉर्न द्या, समोरच्याला विचार करायला वेळ आहे. धोका दोन बसच्या आत आला असेल तर हॉर्न विसरा आणि ब्रेक लावा. दोन्ही जमलं तर उत्तम. पण एकच जमणार असेल तर ते ब्रेकच असलं पाहिजे.

मोटरसायकलवर हॉर्नचं बटण डाव्या अंगठ्याखाली असतं, पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा उजव्या पायाला. म्हणजे हॉर्न आणि ब्रेक एकाच वेळी देता येतात, हात अडत नाही. अडतं ते लक्ष. घाबरलेला माणूस जे रोज करतो तेच करतो. रोज प्रत्येक अडचणीला ज्याचा अंगठा आधी जातो, त्याचा संकटातही अंगठाच आधी जाणार. आमच्या त्या पोराचं नेमकं हेच झालं. म्हणून सवय बदलायची ती साध्या दिवशी बदलायची.

हॉर्न द्यावा असे प्रसंग

समोरच्या वाहनचालकाला आपण दिसत नाही आहोत आणि त्याला सावध व्हायला अजून वेळ आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हा हॉर्न द्यावा. रोजच्या रस्त्यावर असे प्रसंग हे:

गल्लीतून किंवा पेट्रोल पंपातून एखाद्या गाडीचं नाक रस्त्यावर येत आहे आणि चालक दुसरीकडे बघतो आहे. आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, बोटं ब्रेकच्या दांडीवर ठेवा, मग एक छोटा हॉर्न.

शेजारची कार इंडिकेटर न देता हळूहळू आपल्या बाजूला सरकते आहे. बहुधा चालक मोबाइल बघत असतो. छोटा हॉर्न द्या आणि मागे राहा. तिच्या बरोबरीने पळत राहून हॉर्न देऊ नका.

उभी गाडी रिव्हर्समध्ये मागे येते आहे आणि मागे आपण आहोत. इथे जरा लांब हॉर्नही चालेल, कारण तिचा वेग कमी असतो आणि ऐकून थांबणं शक्य असतं.

रस्त्याकडेला रिक्षा किंवा टॅक्सी नुकतीच थांबली आहे. प्रवासी उतरणार, दार उघडणार. एक हॉर्न द्या, पण भरवसा ठेवायचा तो अंतरावर. उघडलेलं दार लागणार नाही इतकं लांबून जा.

घाटातलं आंधळं वळण, किंवा वस्तीतला असा कोपरा जिथे भिंतीमुळे पलीकडचं काहीच दिसत नाही. वळणाच्या आधी एक हॉर्न, वेग कमी, आणि गाडी आपल्या डाव्या बाजूला. घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हेही ध्यानात ठेवा. उतारावरून आपण हॉर्न दिला म्हणून चढणारा थांबणार नाही, आणि त्याने थांबूही नये.

महामार्गावर पुढच्या गाडीला उजवीकडून ओलांडायचं आहे आणि तिच्या चालकाने आपल्याला पाहिलेलं दिसत नाही. एक हॉर्न पुरे. रात्री हॉर्नपेक्षा डिपर बरा, प्रकाश बंद काचेतूनही आत जातो.

या सगळ्या ठिकाणी हॉर्न म्हणजे एक छोटा "पीप". अर्ध्या सेकंदाचा. आपण दारावर टकटक करतो तसा. दार बडवत नाही.

मोठ्या गाडीचा आंधळा कोपरा

बस, ट्रक, डंपर, पाण्याचा टँकर यांच्या चालकाला आपल्या गाडीच्या चहूबाजूंचं सगळं दिसत नाही. अगदी पुढे, अगदी मागे आणि विशेष करून डाव्या बाजूला मोठा भाग त्याच्या नजरेआड असतो. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूला सुरुवातीला मोकळी दिसणारी फट म्हणून पुढच्या क्षणी नाहीशी होते. त्या फटीत शिरून हॉर्न वाजवणं म्हणजे विहिरीत उतरून दोर मागणं. तिथे शिरायचंच नाही. दोन मिनिटं बसच्या मागे थांबायचं.

आम्ही हे सांगितलं तेव्हा एक पार्सलवाला म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणता थांबा, पण तिकडे घड्याळ चालू असतं." त्याचं खरं आहे. उशीर झाला की गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, कधी पैसेही बुडतात. पण त्याच बैठकीत बाजूला कुबडी ठेवून बसलेला मुलगा म्हणाला, "मी दोन मिनिटं वाचवायला गेलो आणि तीन महिने गेले." पुढे कुणी काही बोललं नाही.

हॉर्न देऊ नये असे प्रसंग

सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी क्षणभर हलली नाही, म्हणून हॉर्न देऊ नये. पुढच्याच्याही पुढे कुणी म्हातारी रस्ता ओलांडत असेल, ती आपल्याला दिसत नसते. आपल्या हॉर्नने घाबरून त्याने गाडी सोडली तर?

ट्रॅफिक जाममध्ये हॉर्न देऊन काही होत नाही. पुढच्याला रस्ता असता तर तो आपल्यासाठी थांबला नसता.

गाडी शिकणारा, गाडी बंद पडलेला, चढणीवर गाडी मागे घसरणारा, यांच्यावर हॉर्न मारू नये. गडबडलेल्या माणसाच्या हातून दुसरी चूक होते आणि ती आपल्या अंगावर येते. आमच्या बैठकीतली एक ताई म्हणाली, "स्कूटी शिकत होते तेव्हा मागून हॉर्न आला की हातपाय गळायचे." ताईंना आणि नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांनाच आमचं सांगणं: मागचा कितीही वाजवू दे, आपली रेघ सोडू नका, एकदम वळू नका, एकदम थांबू नका. जागा मिळेल तिथे इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा आणि त्याला जाऊ द्या.

चालणाऱ्या माणसाला हॉर्न देऊन पळवू नये. दचकलेला माणूस पुढे जाईल, मागे येईल की जागीच थांबेल हे सांगता येत नाही. त्याच्यासाठी ब्रेकच. गुरं आणि कुत्री यांचंही तेच.

आणि रागाने कधीच नाही. कुणी कट मारला की रक्त चढतं, हे आम्हालाही कळतं. पण धोका टळल्यावर वाजवलेला हॉर्न कुणाला वाचवत नाही. त्याने फक्त भांडण सुरू होतं, आणि भांडण डोक्यात घेऊन चालवणारा पुढचा खड्डा बघत नाही. दीर्घ श्वास घ्या, त्याला पुढे जाऊ द्या.

कान, झोप आणि आपली माणसं

आता हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांहून जास्त काम करणं कानाला धोक्याचं मानलं जातं. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटं उरते. जवळून वाजलेला हॉर्न शंभराच्या आसपास सहज जातो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. ते बहिरेपण औषधाने बरं होत नाही.

दिवसभर हा आवाज कोण ऐकतं? पहाटे रस्ता झाडणारे सफाई कामगार, नाक्यावर कामाची वाट बघणारे, हातगाडीवाले, भाजीवाल्या मावश्या, रिक्षावाले. म्हणजे बरेचसे आपलेच. झाडणाऱ्या ताईची पाठ रस्त्याकडे असते. तिच्या मागे येऊन हॉर्न फोडण्यापेक्षा वळसा घालून गेलं तर काय बिघडतं?

वस्तीतली घरं रस्त्याला लागून. पत्र्याची भिंत, उशाशी रस्ता. रात्री बारा वाजता कुणी मित्राला खाली बोलवायला हॉर्न वाजवतो, तेव्हा तान्हं बाळ दचकतं, दहावीचा अभ्यास मोडतो, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची झोप तुटते. सततच्या गोंगाटाने रक्तदाब वाढतो, झोप बिघडते, चिडचिड होते. ज्याला आधीच बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्याला तर जास्तच. मित्राला बोलवायला फोन आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम १९४ फ प्रमाणे विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास २००० रुपये दंड आहे. हॉर्नबंदीची पाटी असलेल्या जागी वाजवल्यासही तोच दंड. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात, म्हणजे दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या जाहीर टापूत, हॉर्न वाजवता येत नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतही तीच बंदी आहे. अपवाद फक्त आणीबाणीचा. वेगवेगळ्या सुरांचे, कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न बसवायलाही मनाई आहे.

मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक गमतीशीर उपाय लोकांसमोर आणला होता. काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. जितका हॉर्न, तितकं थांबणं.

आणि एक आपल्या घरची गोष्ट. १४ एप्रिलला आपली पोरं मोटरसायकलींची रॅली काढतात. उत्साह असणारच, तो दिवसच तसा आहे. पण सायलेन्सर काढून आणि हॉर्न दाबून रॅली दवाखान्यासमोरून गेली, तर आत खाटेवर पडलेल्यांत आपलीही माणसं असतात. शिवाय शंभर हॉर्न एकदम वाजत असताना खऱ्या धोक्याचा एक हॉर्न कुणाला ऐकू येणार? यंदा मंडळांनी आधीच ठरवावं: निळे झेंडे, हेल्मेट, दोघांपेक्षा जास्त कुणी नाही, आणि हॉर्न बंद. अशी रॅली बघायला बाबासाहेबांना आवडली असती, असं आम्हाला वाटतं.

आजपासून एवढं करा

सकाळी गाडी काढताना ब्रेक, लाइट, इंडिकेटर बघा आणि हॉर्न वाजतो का ते रहदारीच्या रस्त्याला लागण्याआधी एकदाच तपासा. पावसात बटणात पाणी जाऊन तो बसतो. बसका हॉर्न असेल तर साधा नवा बसवा, कर्कश बसवू नका.

एक दिवस घरून कामावर जाताना आपण किती वेळा हॉर्न दिला ते मनात मोजा. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: तेव्हा समोरच्याला मी दिसत नव्हतो का? दुसऱ्या दिवशी विनाकारण वाजवलेले हॉर्न सोडून द्या. आमच्या बैठकीतल्या एकाने हे केलं. पहिल्या दिवशी त्याने साठच्या पुढे मोजणं सोडून दिलं. आठवड्यानंतर तो चार-पाचांवर आला, आणि कामावर रोजच्याच वेळेला पोचला.

हेल्मेट घाला, पट्टा लावून. मागे बसणाऱ्यालाही द्या. २०२२ साली हेल्मेट नसलेले सुमारे ५० हजार दुचाकीस्वार आणि मागे बसलेले देशात गेले. हॉर्न ऐकणं समोरच्याच्या हातात असतं, हेल्मेट आपल्या हातात आहे.

तो मुलगा आता पुन्हा कामावर जायला लागला आहे. परवा तो घरातून निघताना आम्ही तिथेच होतो. आईने डबा दिला आणि विचारलं, "ब्रेक बघितलास का?" तो हसला, खाली वाकला, बघितला आणि मग निघाला. गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथे भिंतीपलीकडचं दिसत नाही, तिथे तो हळू झाला. एक छोटा हॉर्न ऐकू आला. एकच.